डब्यातला डेपो मॅनेजर

माझं नाव गोपाळराव. एसटीत चौतीस वर्षं ड्रायव्हर होतो. चौतीस वर्षांत एक ॲक्सिडेंट नाही, एक मेमो नाही. हे मी भेटंल त्याले सांगतो. तुम्हालेही सांगून ठेवतो, कारण पुढचं आयकल्यावर तुम्ही मले मूर्ख म्हणसान. म्हणा बापा, मले फरक नाही पडत. पण हे पयले आयकलं होतं, एवढं ध्यानात असू द्या.

रिटायर झालो अन् प्रताप नगरात घरी बसलो. ड्रायव्हर माणसानं घरी बसू नये. मी स्वयंपाकघरात उभा राहून मनकर्णेले, म्हणजे आमच्या मंडळीले, गॅस कमी कर, आता वाढव, आता कुकर उतरव, असं दिवसभर सांगे. सहा महिन्यांत तिनं हात जोडले. "तुम्ही कुठंतरी कामाले लागा," म्हणे, "नाहीतर मी लागते."

तेव्हा माझ्या लहान भावाची पोरगी वंदना आली. पोट्टी धडाडीची. तिनं वीस सीटची नवी मिनीबस घेतली होती, डिझेलची, नव्या नियमाची. नागपुरातून रामटेककडच्या शाळायमधी रोज अप-डाउन करणारे सतरा मास्तर-मास्तरणी, तेच तिचे पॅसेंजर. ड्रायव्हर पाहिजे होता. मी म्हणलं, मी आहे ना!

"मोठेबाबा, एका अटीवर," ती म्हणे. "गाडीत आपल्या मनानं काही करायचं नाही. सगळं कॉम्प्युटरवर चालते. काही वाटलं तं मले फोन करायचा. एकदा जरी आपल्या मनानं हात घातला, तं स्टिअरिंग बंद."

मी हाव म्हणलं. स्टिअरिंगसाठी मी कायलेही हाव म्हणलं असतं. खोटं काहून सांगू, त्या चाकावर हात ठेवला की माझं डोस्कं शांत होते. घरी बीपीची गोळी लागे, गाडीवर बसलो की लागत नव्हती. स्टिअरिंग गेलं असतं तं मी पुन्हा मनकर्णेच्या कुकरपाशी आलो असतो, अन् आमच्या दोघायपैकी कोणीतरी एक नक्की मेलं असतं.

आता गाडीचं सांगतो. जुन्या गाडीत पाय दाबला की तार ओढल्या जाये, तार पंपाले सांगे, पंप डिझेल सोडे. माझ्या पायाच्या अन् इंजिनाच्या मधात कोणी तिसरा नव्हता. पंप बिघडला की मी पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, एक टोक पंपाले लावो, दुसरं कानाले, अन् कोणता नळा खोकलून राहिला ते सांगो. या नव्या गाडीत पायाखालच्या पेडलले तारच नाही! पयल्या दिवशी वंदनानं समजावून सांगितलं, अन् माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"मोठेबाबा, तुम्ही पेडल दाबलं की ते फक्त कॉम्प्युटरले सांगते, ड्रायव्हरले एवढं पाहिजे. मग कॉम्प्युटर पाहते हवा किती आली, पाणी किती तापलं, डिझेलच्या नळीत दाब किती आहे, धुरातून काय बाहेर जाऊन राहिलं. हे सगळं पाहून तो ठरवते किती डिझेल सोडायचं, अन् नेमकं कधी सोडायचं."

म्हणजे मी पाय दाबतो तो हुकूम नाही. तो अर्ज आहे! अन् इंजिनाजवळ एक चपटा डबा आहे, त्यात डेपो मॅनेजर बसला आहे, तो माझा अर्ज वाचते, चार ठिकाणच्या खबऱ्यायले विचारते, अन् मग मंजूर करते. कधी पुरा, कधी अर्धा. एका मिनिटात हजार अर्ज वाचते म्हणे. आमच्या खऱ्या डेपोत एका सुटीच्या अर्जाले तीन हप्ते लागत. त्या बाबतीत डबा बरा होता, हे मले मानणं भाग आहे.

गाडीत आणखी एक टाकी होती, डिझेलच्या बाजूले, निळ्या झाकणाची. धुरातलं जहर मारायसाठी तिच्यात पाण्यासारखं एक औषध टाकतात. युरिया अन् शुद्ध पाणी, बस, दुसरं काही नाही. ते औषध डब्यात मिळते, अन् आम्ही ते घेत होतो चंद्रभानच्या दुकानातून.

चंद्रभान म्हणजे माझा कंडक्टर. एकोणीस वर्षं आम्ही एका गाडीवर होतो. त्याच्या बॅगीत कधी एक तिकीट कमी नाही की जास्त नाही. चेकर लोक त्याच्या गाडीत चढत ते फक्त चाय प्यायले. रिटायर झाल्यावर त्यानं सदरमधी ऑइलचं दुकान टाकलं. प्रत्येक डब्यावर आपल्या दुकानाचं लेबल चिकटवते, नाव, पत्ता, फोन. "माल खराब निघाला तं माणूस माझ्या नावानं ओरडला पाहिजे," म्हणे. असा माणूस.

शनिवारी वंदनाचा फोन आला. "मोठेबाबा, युरिया संपत आला असंन, आज चंद्रभानकाकाकडून डबा घेऊन टाकी भरून घ्या."

मी म्हणलं हाव. अन् विसरलो. जेवून आडवा झालो तं उठलो दिवे लागल्यावर. तिचा पुन्हा फोन, "भरला ना?" आता चौतीस वर्षांत मेमो नसलेला माणूस 'विसरलो' कसं म्हणते? मी म्हणलं, "भरला नं वं."

रविवारी गाडी धुवायले चालू केली तं दिवा लागला, टाकी खाली, थेंब नाही. सोमवारी सकाळी मास्तर लोक उभे राहणार. चंद्रभानचं दुकान रविवारी बंद, तो पोरीकडं काटोलले जाते. मी डोक्याले हात लावून ओट्यावर बसलो, अन् समोर पोर्चमधी मले काय दिसलं? वावरात न्यायची युरियाची बॅग! धानाले टाकायची. भावानं आणून ठेवली होती.

बाप्पा! घरात पंचेचाळीस किलो युरिया पडून आहे अन् मी रडून राहिलो.

आता मी काही अंदाधुंद काम करणारा माणूस नाही. चंद्रभानचा जुना खाली डबा गाडीच्या डिक्कीत होता. त्याच्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, शंभरात साडेबत्तीस भाग युरिया. मी मनकर्णेचा किचनमधला वजनकाटा आणला. बोअरचं पाणी बादलीत घेतलं. ग्रॅम ग्रॅम मोजून युरिया टाकला, काठीनं ढवळला, अन् मनकर्णेच्या जुन्या लुगड्याच्या चार घड्या करून गाळला. ती दारात उभी राहून पाहत होती.

"हे कायचं सरबत करून राहिले?" ती म्हणे.

"गाडीसाठी आहे."

"मले काट्यावर आता साखर मोजता येईन का नाही?"

"धुऊन देतो नं."

"गाडीले हिंग-जिरं पाहिजे असंन तंही सांगा," म्हणून ती आत गेली. मी ते पाणी चंद्रभानच्या डब्यात भरलं, डब्यातून टाकीत ओतलं, थोडं उरलं ते डब्यातच ठेवलं, पुढच्या वेळेले कामी येईन म्हणून. दिवा विझला. मी मिशीवर ताव दिला अन् डब्यातल्या डेपो मॅनेजरले म्हणलं, पाह्य बे, याले म्हणतात ड्रायव्हर.

सोमवारी दुपारी पिवळा दिवा लागला. हा दुसरा होता, इंजिनाचा. आता आमच्या जुन्या गाड्यायमधी दिवे असेच लागत, कुठं वायर घासली की लागला. आम्ही ड्रायव्हर लोक त्याच्यावर काळी टेप चिकटवत होतो अन् गाडी पुढं चालू. मी तेच केलं. मंगळवारी गाडी चढावर जड वाटली. मी म्हणलं, मास्तरायचे डबे जड असतीन.

बुधवारी कन्हानचा पूल पार केला अन् डेपो मॅनेजरनं माझे अर्ज नामंजूर करणं सुरू केलं. साठचे चाळीस झाले. चाळीसचे तीस. मी पेडल दाबलं, आणखी दाबलं, पार पत्र्याले टेकवलं. मग गाडी वीसवर आली अन् वीसवरच राहिली. ना एकोणीस ना एकवीस. हायवेवर, भर उजेडात, ताशी वीस!

पयले एक ट्रॅक्टर पुढं गेला. मग एक स्कूटीवाली बाई, मागं गॅसचं सिलिंडर घेऊन. तिनं वळून माझ्याकडं पाहिलं, मले वाटलं जमीन फाटावी. मग एक सायकलवाला बुढा आला, तो चढावर उतरून सायकल हातात धरून चालत होता म्हणून मागं राहिला, एवढीच काय ती इज्जत वाचली.

समोरच्या सीटवर कुसुमताई मॅडम बसत. हेडमास्तरीण बाई, चष्म्यावरून पाहणाऱ्या. त्यायनं पेपर तपासणं थांबवलं.

"गोपाळराव, समोर प्रेतयात्रा आहे का?"

"नाही मॅडम."

"मग आपली आहे का?"

मागं सोळा मास्तर हसले. मी रागानं गाडी एका ढाब्यासमोर बाजूले घेतली. साडेदहाची शाळा, हजेरीले अंगठा लावायचा, लेट झाला की अर्धी रजा. सगळे खाली उतरून हात दाखवू लागले, अन् थांबली कोणती गाडी? एसटी! अन् तिच्यावर ड्रायव्हर कोण? धर्मेंद्र! ज्याले मी स्वतः गिअर टाकायले शिकवलं तो पोट्टा. त्यानं खिडकीतून डोकं काढलं. "काहो गुरुजी, धक्का देऊ का?" म्हणे. मी त्याले जे उत्तर दिलं ते इथं लिहिता येत नाही, कारण कुसुमताई मॅडम पायरीवर होत्या.

सगळे गेले. मी वंदनाले फोन केला. करावाच लागला.

ती घंट्याभरात आली, स्कूटीवर, मागं एक दुसरी पोट्टी घेऊन. भूमिका तिचं नाव. कामठी रोडवरच्या एका गॅरेजमधी काम करते. हातात लॅपटॉप, खांद्यावर झोला, पायात बूट. तिनं बोनेट उघडलंच नाही! आयुष्यात पयल्यांदा मी असा मेकॅनिक पाहिला की जो बोनेट न उघडता गाडी पाहते. ती सीटवर बसली, स्टिअरिंगच्या खाली एक प्लग खुपसला, लॅपटॉप मांडीवर घेतला. मग तिची नजर मीटरवर गेली. तिनं नखानं टेप उचलली. खाली दिवा चमकून राहिला होता.

"ही टेप कोणं लावली?"

वंदनानं माझ्याकडं पाहिलं. "दिवा डोळ्यात येत होता," मी म्हणलं.

"मोठेबाबा!"

"नाही, म्हणजे ऊन पडे तेव्हा."

टेप हा माझा पयला गुन्हा, तो तिनं गिळला, हे मले दिसलं. दुसऱ्याले ती गिळणार नव्हती.

भूमिका लॅपटॉप वाचत होती. "इंजिन चांगलं आहे," ती म्हणे. "काहीच बिघडलं नाही. कॉम्प्युटरनं मुद्दाम वीसवर बांधून ठेवलं. धूर साफ होऊन नाही राहिला, असं सायलेन्सरमधलं सेन्सर सांगून राहिलं. कॉम्प्युटर पयले दिवा लावते. आयकलं नाही तं ताकद कमी करते. तरी नाही आयकलं तं वीस. गाडी घरी जाईन, पण धंदा नाही करू देत."

खोटं कायले बोलू, मले त्या डब्याबद्दल पयल्यांदाच आदर वाटला. मले जर मास्तरायवर असा इलाज करता आला असता!

मग तिनं निळं झाकण उघडलं, नळीनं थोडं पाणी काढलं, अन् एका लहान दुर्बिणीसारख्या नळीवर एक थेंब टाकून उजेडाकडं पाहिलं. "टक्का बरोबर आहे," ती म्हणे. "साडेबत्तीस. एकदम परफेक्ट. बनवणाऱ्यानं मस्त मोजलं."

माझी छाती फुगली. तोंडात आलं होतं, 'मग! उगीच का!' जीभ चावली तेव्हा थांबलो. सांगतो नं, माणसाले चोरी लपवता येते, कौतुक नाही लपवता येत.

मग तिनं ते पाणी नाकाजवळ नेलं. "पण हे खताचं आहे. वास घ्या."

वंदनानं वास घेतला. "कडुनिंब!"

"वावरातल्या युरियाले निंबाचं तेल लावलेलं असते. अन् पाणी बोअरचं दिसते, चुना आहे. ते तेल अन् चुना गरम नळीत जाऊन खडा झाला. औषध धुरापर्यंत पोचतच नाही. सगळी टाकी धुवावी लागंन, नळ्या काढाव्या लागतीन."

वंदनानं डिक्की उघडली. डबा समोरच होता. उरलेलं पाणी त्याच्यात होतं. अन् डब्यावर मोठ्या अक्षरात चंद्रभानचं नाव, पत्ता, फोन.

हे मले सुचलंच नव्हतं! मी लेबल पाहिलं होतं फक्त टक्क्यासाठी.

"चंद्रभानकाका?" वंदना म्हणे. तिले विश्वास नव्हता बसत. मग तिचा चेहरा लाल झाला. "हे घरी खत कालवून डबे भरून राहिले? मोठेबाबा, तुम्ही शनिवारी हाच डबा आणला नं?"

तेव्हा बोलायचं होतं. तेव्हाच बोलायचं होतं! घड्याळात अकरा वाजले होते, मले पक्कं आठवते. पण मी स्टिअरिंगकडं पाहिलं, अन् माझ्या तोंडून निघालं, "डबा तं त्याचाच आहे."

खोटं नव्हतं. पण याच्यापेक्षा खोटं मी जन्मात बोललो नाही.

तिनं त्याले फोन केला. काय काय बोलली ते मी ढाब्याच्या नळावर तोंड धुवायच्या निमित्तानं आयकलं नाही. चंद्रभान बारा वाजता स्कूटरवर आला, दुकान बंद करून. डबा हातात घेतला, उलटा-सुलटा केला, झाकण उघडून वास घेतला. मग माझ्याकडं पाहिलं. मी भूमिकेच्या लॅपटॉपमधी डोकं घातलं, जसं काही मले तिथलं सगळं समजून राहिलं होतं.

"काका, बोला ना काही," वंदना म्हणे.

"डबा माझ्या दुकानचाच आहे," चंद्रभान म्हणे. बस. दुसरं अक्षर नाही.

वंदनानं त्याले जे ऐकवलं! वडलांच्या जागी मानत होते, म्हणे. विश्वासानं घेत होते, म्हणे. तो खाली मान घालून उभा होता. मले वाटलं हा बिचारा रोज दहा डबे विकते, याले काय आठवणार कोणता कधी विकला. असं वाटून मी मनाले समजावलं. तसं समजावलं की बरं वाटते, पाच मिनिटं.

मग भूमिका कामाले लागली. टाकी खाली करायची, पाणी शुद्ध पाहिजे, ते चंद्रभाननंच स्कूटरवर आणलं होतं, दोन कॅन, येतानाच. म्हणलं नव्हतं का तुम्हाले, असा माणूस आहे तो! तो भूमिकेले बादल्या भरून देत होता, नळ्या धरत होता. मधात ढाब्यावाल्यानं चाय दिली तं त्यानं आपल्या बशीत अर्धी ओतून माझ्यासमोर सरकवली, एकोणीस वर्षं जशी सरकवत होता तशी. मी ती चाय पिली. कशी पिली मले विचारू नका.

तीन वाजत आले. भूमिकेनं गॅरेजमधून मागवलेलं नवं औषध टाकीत भरलं, गाडी चालू केली, लॅपटॉप पाहिला, हसली. "वीसचं बंधन निघालं. गाडी मोकळी."

"म्हणजे सगळं मिटलं?" मी विचारलं.

"एक नोंद राहीन, काका. ती मले पुसता येत नाही. कोणालेच नाही. चारशे दिवस कॉम्प्युटर ती धरून ठेवते. एवढ्यात पुन्हा असं झालं तं मग तो फार वेळ वाट नाही पाहत, लवकरच बांधते."

"अन् कोणं टाकलं ते सांगते का तो?" वंदनानं विचारलं.

"नाही ताई. काय झालं तेवढं सांगते. कोणं केलं ते त्याले कसं माहीत होईन?"

म्हणजे मी सुटलो होतो. चार ठिकाणी खबरे ठेवणारा तो डेपो मॅनेजर, हवा मोजते, पाणी मोजते, धूर हुंगते, त्याले गोपाळराव दिसला नव्हता. मले हलकं वाटायले पाहिजे होतं.

वंदनानं मोबाईल काढला. डब्याचा फोटो काढला, लेबल नीट दिसंन असा. "बसवाल्यायच्या ग्रुपवर टाकते," ती म्हणे. "दोनशे साठ गाड्यावाले आहेत. माझं झालं ते झालं, दुसऱ्यायचं नको व्हायले." ती टाइप करू लागली. दुकानाचं नाव, सदरचा पत्ता, अन् 'इथून माल घेऊ नका'.

चंद्रभान स्कूटरच्या आरशावरची धूळ बोटानं पुसून राहिला होता. पुसलेली जागा पुन्हा पुसून राहिला होता. त्यानं मान वर केली नाही, अन् अडवलंही नाही.

"थांब वं," मी म्हणलं.

"थांबायचं काहून? चुकलं ते चुकलं."

"डबा त्याचा आहे. आतलं माझं आहे."

तिचं बोट हवेत राहिलं. मग मी थांबलोच नाही. शनिवारी झोपलो ते सांगितलं, 'भरला' म्हणलं ते सांगितलं, बॅग सांगितली, वजनकाटा सांगितला, लुगडं सांगितलं. भूमिका तोंडावर हात धरून उभी होती. लुगड्यापाशी तिच्यानं राहवलं नाही.

"किती घड्या केल्या, काका?"

"चार."

"अन् मोजमाप?"

"किचनच्या काट्यावर. साडेबत्तीस."

"मोजमाप खरंच मस्त होतं," ती म्हणे, अन् वंदनानं तिच्याकडं असं पाहिलं की ती पटकन लॅपटॉप झोल्यात भरायले लागली.

वंदनानं पयले मोबाईलवरचं सगळं पुसलं. मग ती चंद्रभानपाशी गेली अन् हायवेच्या कडेले, गिट्टीवर वाकून त्याच्या पाया पडली. "उठ वं माय, कपडे खराब होतीन," तो म्हणे. मग ती माझ्याकडं वळली. मले वाटलं ओरडंन. ओरडली असती तं बरं झालं असतं.

"चाबी, मोठेबाबा."

मी चाबी दिली.

"गाडी चारशे दिवस विसरत नाही म्हणते. मीही चारशे दिवस नाही विसरत. तोपर्यंत मी चालवते. तुम्हाले यायचं असंन तं मागच्या सीटवर या, तिथून गिअर कमी कर, वाढव, असं म्हणायचं नाही." अन् ती वर चढली. डोळे पुसत होती, मी पाहिलं.

वंदनाची स्कूटी भूमिका घेऊन गेली. वंदनाच्या गाडीत बसायचं मले धाडस झालं नाही. मी चंद्रभानच्या स्कूटरवर मागं बसलो. आमची स्कूटर कन्हानच्या पुलाजवळ होती तेव्हा वंदना साठच्या स्पीडनं बाजूनं निघून गेली. चांगली चालवते पोट्टी. गिअर थोडा उशिरा टाकते, पण ते मी कोणाले सांगणार!

पूल मागं पडला. मग मले राहवलं नाही.

"तुले कधी समजलं?"

"डबा पाहिल्याबरोबर," चंद्रभान म्हणे. "या महिन्यात तुले डबा विकलाच कुठं मी?"

"मग बोलला काहून नाही गा? ती एवढं बोलून राहिली होती!"

"मी बोललो असतो तं तू काय म्हणला असता, गोपाळ?"

मले माहीत होतं. मी म्हणलो असतो, चंद्रभान खोटं बोलून राहिला. अन् वंदनानं माझंच आयकलं असतं, मी तिचा मोठेबाबा आहे नं! मग तो मेसेज गेला असता, दोनशे साठ लोकायमधी. माझ्या डोळ्याले पाणी आलं. मी मागं होतो म्हणून त्याले दिसलं नाही, का दिसलं असंन आरशात, मले माहीत नाही.

"मी वाट पाहून राहिलो होतो," तो म्हणे. "मले वाटलं तुले दोन दिवस लागतीन. तू चार घंट्यांत बोलला. बरं केलं."

त्यानं एका ट्रकले पुढं जाऊ दिलं.

"पण ते चार घंटे, गोपाळ," तो म्हणे, "लय मोठे होते गा."

"हाव," मी म्हणलं. आणखी काय म्हणतो!